पहारेकरीच उघाडी उघडतो तेव्हा

सुलूकाकीचा रिपोर्ट तिच्याआधी माझ्या मोबाइलवर पोचला. तिच्या मुलाने हॉस्पिटलच्या बाकावर कागद पसरून फोटो काढला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘ताई, शेवटच्या ओळीत काय आहे ते जरा बघ गो.’ शेवटच्या ओळीत होतं: स्ट्रोमल टीआयएल ४०%. स्तनातल्या गाठीत शिरलेल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचं ते मोजमाप. नेमका त्याच आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक मजकूर ढकलला होता: ‘धक्कादायक! शरीरातल्या पांढऱ्या पेशीच पसरवतात स्तनाचा कॅन्सर!’

काकी सातवी शिकलेली. पण तिला फसवणं सोपं नाही. तिने दोन्ही वाचलं आणि रात्री वेंगुर्ल्याहून फोन केला. ‘म्हंजे घरातलोच माणूस चोराक कडी काढून देता?’

मी एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. डॉक्टर नाही. त्या रात्री मला धड उत्तर देता आलं नाही, ‘उद्या सांगते’ म्हणून फोन ठेवला. त्या ‘उद्या’ला तीन आठवडे लागले. काकीला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण तो मजकूर तुमच्याही ग्रुपवर आला असेल. आणि त्यातली गंमत अशी, की तो सगळाच खोटा नाही.

गाठ जागच्या जागी राहिली असती तर

स्तनात दूध वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. बहुतेक वेळा कॅन्सर या नळ्यांच्या आतल्या अस्तरात सुरू होतो. नळीभोवती एक पातळ पण चिवट पडदा असतो, आपल्या बागेभोवती चिऱ्यांचा गडगा असतो तसा. पेशी बेसुमार वाढल्या तरी गडग्याच्या आत आहेत तोवर तिला ‘जागच्या जागी’ असलेली अवस्था म्हणतात आणि तिच्यावरचा इलाज बहुधा पूर्ण यशस्वी होतो. गडगा फोडून पेशी बाहेरच्या मांसात उतरल्या की दुखण्याचं रूप बदलतं.

स्तन काही हृदय किंवा फुप्फुस नाही. तिथली गाठ कितीही वाढली तरी केवळ तिच्यामुळे सहसा जीव जात नाही. जीव जातो तो तिथून निघालेल्या पेशी हाडांत, फुप्फुसांत, यकृतात, मेंदूत जाऊन वस्ती करतात म्हणून. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने गेल्या. भारतीय बायकांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. या मृत्यूंमागे मुख्यतः पेशींचा तो प्रवास आहे. म्हणून ‘पेशी वाढते का?’ याच्याइतकाच ‘पेशी चालते कशी?’ हा प्रश्न मोलाचा.

आणि पेशी खरोखर चालते. ती रक्तात पडून वाहत जाते ही पुढची गोष्ट. त्याआधी तिला गाठीतून रक्तवाहिनीपर्यंत स्वतः सरपटत जावं लागतं. मांसात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे पसरलेले असतात. पावसाळ्यात चिखल टाळायला आपण मेरेवरून, साकवावरून चालतो, तशी ही पेशी त्या धाग्यांवरून जाते. वेग मिनिटाला एखाद-दोन मायक्रॉन, म्हणजे तासाभरात जेमतेम एका केसाच्या जाडीइतका. गाठीतल्या बहुतेक पेशी तर हलतही नाहीत, थोड्याच निघतात. त्या थोड्यांना कोण हलवतं, हा खरा विषय.

तारामाशातला काटा

पांढऱ्या पेशींची गोष्ट समुद्रकिनाऱ्यावरच सुरू झाली, हे आपल्याला आवडण्यासारखं आहे. १८८२ साली इल्या मेचनिकोव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहत होता. तारामाशाची पिल्लं काचेसारखी आरपार दिसतात. त्याने त्यांच्या अंगात गुलाबाचे काटे खुपसले आणि सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला. शरीरात शिरलेली परकी वस्तू गिळायला धावणाऱ्या पेशी असतात, हे त्याने ओळखलं. पुढे १९०८ साली त्याला नोबेल मिळालं.

यांतल्या मोठ्या खादाड पेशीला मॅक्रोफेज म्हणतात. शब्दाचा अर्थच ‘मोठी खाणारी’. या लेखात हे नाव वारंवार येणार आहे. तिच्याखेरीज आणखी दोघींशी आपलं काम आहे. एक न्यूट्रोफिल, म्हणजे जखमेवर सर्वांत आधी धावणारी, थोड्या दिवसांची सोबतीण. दुसरी टी-पेशी, म्हणजे शत्रूचा चेहरा ओळखून नेमका त्यालाच मारणारी. काकीच्या रिपोर्टातले ‘टीआयएल’ म्हणजे मुख्यतः या टी-पेशी आणि त्यांच्या जवळच्या नात्यातल्या.

आपण पांढऱ्या पेशींना सरसकट ‘शिपाई’ म्हणतो. मीही वर्गात म्हणत होते, फळ्यावर ढाल-तलवार काढून. आता वाटतं, तिथेच चुकलं. मॅक्रोफेज हा निव्वळ शिपाई नाही. आंब्याच्या बागेतला राखणदार आठवा. रात्री वानरं आणि चोर हाकलणं हे त्याचं एक काम. पण तोच दिवसा गडग्याचा पडलेला चिरा बसवतो, पाला गोळा करतो, नव्या कलमाला आळं करतो, पाण्याचा पाट काढून देतो. मॅक्रोफेजचंही तसंच. बोट कापलं की तो आधी जंतू आणि मेलेल्या पेशी खातो, मग जागा मोकळी करतो, नव्या रक्तवाहिन्या बोलावतो, आजूबाजूच्या पेशींना ‘सरका पुढे, भोक भरा’ असा निरोप देतो. पेशी सरकल्याशिवाय जखम भरत नाही. म्हणजे पेशींना चालायला लावणं हा मॅक्रोफेजच्या रोजच्या नोकरीचाच भाग आहे.

स्तनात तर त्याचं काम आणखी मोठं. मुलगी वयात येते तेव्हा दुधाच्या नळ्यांना फांद्या फुटतात. उंदरांवरचे प्रयोग सांगतात की त्या फांद्या नीट फुटायला मॅक्रोफेज लागतात. बाळाचं अंगावरचं दूध तुटलं की स्तन पुन्हा पहिल्यासारखा होतो, तेव्हाची साफसफाईही तेच करतात.

न भरणारी जखम

कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या पेशी असतात, हे १८६३ सालीच रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरने पाहिलं होतं. पुढे १९८६ साली बोस्टनच्या हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी एक विचार मांडला आणि तो अजून टिकून आहे: कॅन्सरची गाठ म्हणजे कधीच न भरणारी जखम. जखम जे निरोप धाडते तेच गाठ धाडते. मॅक्रोफेज येतो, त्याला वाटतं इथे दुरुस्ती चालू आहे, आणि तो इमानाने दुरुस्तीला लागतो. रक्तवाहिन्या आणतो, मांस सैल करतो, पेशींना पुढे सरकवतो. जखम भरल्यावर ‘बस झालं’ असा निरोप येतो आणि तो थांबतो. गाठीतून तो निरोप कधी येतच नाही.

काकीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. घरातला माणूस फितूर झालेला नाही. त्याला मालकाच्या आवाजात खोटा हुकूम मिळाला आहे.

अंधारातला कुकारा

हा नुसता अंदाज नाही हे दाखवणारे दोन प्रयोग मला फार आवडले. दोन्ही न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातले.

पहिला २००१ सालचा. काही उंदरिणींची जात अशी असते की त्यांना स्तनाचा कॅन्सर हमखास होतो आणि तो फुप्फुसात जातो. मॅक्रोफेजना वाढवणारा आणि बोलावणारा एक रासायनिक निरोप आहे, त्याचं नाव सीएसएफ-१. शास्त्रज्ञांनी तो निरोपच नसलेल्या उंदरिणी तयार केल्या. गाठी व्हायच्या त्या झाल्याच, जवळपास त्याच वेगाने वाढल्याही. पण त्यांचं उग्र रूप उशिरा आलं आणि फुप्फुसात पसरणं जवळजवळ थांबलं. मग स्तनाच्या पेशींत तो निरोप परत घातला, तर मॅक्रोफेज परतले आणि पसरणंही परतलं. वाढणं वेगळं आणि पसरणं वेगळं, हे इतकं स्वच्छ दाखवणारा प्रयोग क्वचितच सापडेल.

दुसरा २००४ सालचा, आणि हा आपल्याकडच्या कुणालाही समजेल. जुन्या काळी पावसाळी रात्री दोघे जण रानातून घरी निघाले आणि वाऱ्याने चूड विझली, की ते एकमेकांना कुकारा घालत चालायचे. एकाने ‘कूऽऽ’ केलं की दुसरा त्या दिशेने दोन पावलं यायचा आणि उलट कुकारा द्यायचा. मग पहिला पुढे. अशी दोघं आवाजाच्या दोरीने बांधल्यासारखी चालायची. गाठीत अगदी हेच होतं. कॅन्सरची पेशी सीएसएफ-१ सोडते, मॅक्रोफेज तिच्याकडे ओढला जातो. मॅक्रोफेज ईजीएफ नावाचा दुसरा निरोप सोडतो, त्याने कॅन्सरची पेशी हलते आणि त्याच्यामागे निघते. शास्त्रज्ञांनी उंदराच्या गाठीत बारीक सुया खोचल्या. काहींत एक निरोप भरला, काहींत दुसरा. कोणताही निरोप भरला तरी सुईत दोन्ही जातींच्या पेशी चालत आल्या, साधारण तीन कॅन्सरपेशींमागे एक मॅक्रोफेज. आणि दोघांपैकी कुणा एकाचेही कान बंद केले की दोघंही थांबली.

एकाचे कान बंद केले की दोघंही थांबतात, ही गोष्ट लक्षात ठेवा. औषधाची आशा तिथून निघाली.

खाजणातली उघाडी

आता रक्तवाहिनी. इथे मला शाळेतल्या चित्रांपेक्षा खाडीकाठची शेती जास्त कामाला आली.

ज्यांनी खाजण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खाडीच्या काठाने मातीचा बांध घालून खारं पाणी अडवतात आणि आत भात लावतात. बांधात जागोजागी उघाडी असते, म्हणजे पाणी सोडायचं दार. ओहोटीला ती उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला ती मिटते. उघाडी सांभाळणारा चुकला की वर्षाचं पीक गेलं.

रक्तवाहिनीची भिंत म्हणजे असा बांध. पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, सहज कुणाला आत-बाहेर होऊ देत नाहीत. कॅन्सरची पेशी रक्तात शिरते ती भिंतीला कुठेही भोक पाडून, असा पूर्वी समज होता. जिवंत उंदराच्या गाठीत सूक्ष्मदर्शक रोखून तासन्‌तास चित्रण केलं तेव्हा वेगळंच दिसलं. पेशी ठराविक जागांवरूनच आत जात होत्या आणि त्या प्रत्येक जागी रक्तवाहिनीला चिकटून एक मॅक्रोफेज बसलेला होता. एक मॅक्रोफेज, त्याला टेकलेली एक चालणारी कॅन्सरपेशी आणि खाली रक्तवाहिनीच्या भिंतीची एक पेशी: या तिघांच्या भेटीची जागा म्हणजे उघाडी. २०१५ साली त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की मॅक्रोफेज तिथे एक रसायन सोडतो, भिंतीच्या पेशी थोडा वेळ एकमेकींपासून सुटतात, रक्तवाहिनी गळते, आणि तेवढ्या वेळात कॅन्सरची पेशी आत उतरते. मग दार पुन्हा मिटतं.

ही दारं माणसांच्या गाठींतही सापडली आहेत. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासून तिघांच्या अशा जागा मोजल्या, तेव्हा काही प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः संप्रेरकांना दाद देणाऱ्या प्रकारात, जिथे दारं जास्त तिथे पुढे दूरवर पसरण्याचा धोका जास्त निघाला. गाठ किती मोठी यापेक्षा तिला दारं किती, हा निराळा प्रश्न आहे.

रक्तातली सोबत आणि हाडातलं माहेर

रक्तात पडलेल्या बहुतेक कॅन्सरपेशी मरतात. प्रवाहाचा मार बसतो, टी-पेशींची भावंडं असलेल्या मारेकरी पेशी गाठतात. पण काहींना सोबत मिळते. २०१९ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या आणि उंदरांच्या रक्तात न्यूट्रोफिलला बिलगून फिरणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरपेशी शोधल्या. एकट्या फिरणाऱ्या पेशींपेक्षा या जोडीतल्या पेशी नवी गाठ धरण्यात वरचढ होत्या.

न्यूट्रोफिलची आणखी एक सवय आहे. जंतू फार झाले तर ती स्वतःचाच डीएनए बाहेर फेकून त्याचं जाळं करते, पाग टाकल्यासारखं. त्यात जंतू अडकतात. या जाळ्याला धारदार विकरं (एन्झाइम) चिकटलेली असतात. २०१८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या संशोधकांनी उंदरांना तंबाखूचा धूर देऊन फुप्फुसाला सूज आणली. तिथे झोपलेल्या कॅन्सरपेशी होत्या. पागातल्या विकरांनी आसपासचं एक प्रथिन कापलं आणि त्या कापलेल्या तुकड्याने झोपलेल्यांना जागं केलं. आमच्याकडे गाठीचा आजार होऊन गेलेल्या बाईच्या उशाशी बसून विडी ओढणारे नवरे आहेत. प्रयोग उंदरांवरचा आहे, माणसांबद्दलचा निकाल नव्हे. तरी विडी अंगणाच्या पलीकडे ओढायला कुठलाच प्रयोग लागत नाही.

हाडांबद्दल एकच गोष्ट सांगते. १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. पेशी जिथे वाहून जातील तिथे रुजतात असं नाही, जमीन मानवली तरच रुजतात, असं त्यांनी मांडलं. समुद्रातून वाहत आलेला नारळ सगळ्या किनाऱ्याला लागतो, पण खडपात रुजत नाही, पुळणीच्या वर रुजतो. हाडाची जमीन या पेशींना मानवते. आणि हाड झिजवणारी जी पेशी त्यांच्या हाताशी येते, ती मॅक्रोफेजच्याच घराण्यातली. इथेही तेच: आपलीच कामाची पेशी, जास्तीच्या हुकुमावर.

मग पांढऱ्या पेशी वैरीच म्हणायच्या का?

इथे व्हॉट्सॲपचा मजकूर खोटा पडतो. त्याने एका गड्याचा दोष साऱ्या गावावर टाकला.

टी-पेशी गाठीत शिरल्या की त्या कॅन्सरपेशींना ओळखून मारू शकतात. स्तनाच्या कॅन्सरचा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ नावाचा प्रकार आहे. त्यात नेहमीच्या तीन खुणांपैकी एकही सापडत नाही, म्हणून त्या खुणांवरची औषधं चालत नाहीत. काकीचा हाच. या प्रकारात गाठीतल्या पेशींच्या मधल्या जागेत टी-पेशी आणि त्यांची भावंडं जितकी जास्त, तितका केमोथेरपीचा गुण चांगला आणि पुढचा अंदाजही बरा, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. चाळीस टक्के म्हणजे त्या मधल्या जागेचा चाळीस टक्के भाग या पेशींनी व्यापलेला. (सगळ्या प्रकारांत हा हिशोब इतका सरळ नाही, तेव्हा दुसऱ्याचा रिपोर्ट स्वतःच्या रिपोर्टाला जोडू नका.)

हे सांगितल्यावर काकी म्हणाली, ‘मगे खय होते हे शिपाय इतके दिवस?’

होते तिथेच. हात बांधलेले. टी-पेशीच्या अंगावर एक खुंटी असते. ती दाबली की टी-पेशी थांबते. आपल्याच शरीरावर तिने हल्ला करू नये म्हणून ही सोय. कॅन्सरच्या पेशी आणि गाठीतले मॅक्रोफेज, दोघंही ही खुंटी दाबतात. खुंटी दाबू न देणाऱ्या औषधांच्या मूळ शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. त्यांतलं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध २०२१ पासून अमेरिकेत जास्त जोखमीच्या ट्रिपल निगेटिव्ह गाठींसाठी केमोथेरपीबरोबर, शस्त्रक्रियेच्या आधीपासून देतात. आपल्याकडेही मिळतं, पण किंमत ऐकून घाम फुटतो.

‘मग प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा घेऊ?’

कोरोनापासून हा प्रश्न घराघरात आहे. माझं उत्तर कुणाला आवडत नाही, तरी देते.

‘प्रतिकारशक्ती’ म्हणजे विहिरीतलं पाणी नव्हे, की वाढवलं म्हणजे सगळ्यांना पुरलं. तिच्यात मारणारे आहेत, शांत करणारे आहेत, दुरुस्ती करणारे आहेत. वर पाहिलंच, की गाठीत मॅक्रोफेज वाढले तर नुकसान होऊ शकतं आणि टी-पेशी वाढल्या तर फायदा. मग काढा नेमकं कुणाला वाढवतो? बाटलीवर ते लिहिलेलं नसतं. शिवाय २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद छापली. गुळवेल दोषी की नाही यावर पुढे वादही झाला. पण केमोथेरपी चालू असताना यकृतावर आधीच भार असतो. तेव्हा काढा, चूर्ण, गोळी, जे काही घेत असाल ते केमो देणाऱ्या डॉक्टरांना सांगून घ्या. ‘घरचंच आहे’ म्हणून लपवू नका. पेज घ्या, मासे खा, झेपेल तेवढं चाला, त्याला कुणाची ना नाही.

‘त्या मॅक्रोफेजनाच मारून टाका ना!’

हे बाबल्याचं, काकीच्या मुलाचं म्हणणं. शास्त्रज्ञांनाही हेच सुचलं. मॅक्रोफेजचे कान बंद करणारी औषधं तयार झाली. सांध्यांतल्या एका दुर्मिळ गाठीवर त्यांतलं एक औषध इतकं चाललं की २०१९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र नुसत्या त्याने उंदरांतल्यासारखा चमत्कार झाला नाही.

दुसरी वाट अशी होती, की मॅक्रोफेजच्या कच्च्या पेशी हाडाच्या मगजातून निघतात, त्यांना गाठीकडे बोलावणारा निरोपच अडवायचा. उंदरांत ते जमलं, पसरणं कमी झालं. पण २०१४ साली बाझेलच्याच दुसऱ्या एका संस्थेने दाखवलं की औषध बंद करताच मगजात अडकून पडलेल्या पेशी लोंढ्याने सुटल्या आणि कॅन्सर आधीपेक्षा जोरात पसरला. भरतीच्या वेळी उघाडी दाबून धरली आणि मग एकदम हात काढला तर काय होतं, ते खाजणातल्या माणसाला विचारा. म्हणून आता बरंचसं संशोधन मॅक्रोफेजना मारण्यापेक्षा त्यांचं मन वळवण्याकडे झुकलं आहे: दुरुस्तीचं काम सोडा, राखणीवर या.

‘सुई लावली की पसरतो म्हणतात’

या समजाने आमच्या भागात जितक्या बायकांचा घात केला असेल तितका क्वचितच कशाने केला असेल. गाठ लागते, आणि शेजारीण सांगते, ‘सुरी लावू नको, भडकेल.’ वरचं सगळं वाचून कुणाला वाटेल की बघा, सुईने जखम होणार, मॅक्रोफेज येणार, दारं उघडणार! तर्क तोंडावर बरा दिसतो, पण सुईने तुकडा काढून तपासलेल्या बायकांचं आयुष्य त्यामुळे कमी झालेलं दिसत नाही. तुकडा तपासल्याशिवाय गाठीचा प्रकार कळत नाही आणि प्रकार कळल्याशिवाय औषध ठरत नाही. घात करतो तो गमावलेला वेळ.

केमोबद्दलही असाच मजकूर फिरतो, आणि त्याच्या मुळाशी खरा अभ्यास आहे. २०१७ साली त्या न्यूयॉर्कच्याच गटाने उंदरांत आणि थोड्या रुग्णांच्या नमुन्यांत पाहिलं, की शस्त्रक्रियेआधीच्या केमोनंतर काही गाठींत दारं वाढतात. कारण केमोने पेशी मरतात, म्हणजे जखम होते, म्हणजे दुरुस्तीवाले येतात. पण ‘दारं वाढली’ याचा अर्थ ‘बायका जास्त गेल्या’ असा होत नाही. २०१८ साली दहा चाचण्यांतल्या ४,७५६ बायकांची माहिती एकत्र करून पाहिली: केमो शस्त्रक्रियेच्या आधी दिली काय नि नंतर दिली काय, दूरवर पसरण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण सारखंच निघालं. पेशी दारातून निघाल्या तरी केमो रक्तातही पोचतेच. ‘केमोने कॅन्सर पसरतो’ असं सांगून कुणाला उपचार सोडायला लावणारा माणूस भेटला, तर त्याला हा आकडा ऐकवा.

हे सगळं आपल्या उपयोगाचं कधी?

थोडं आजच आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने भारतातल्या अकरा केंद्रांत एक साधी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं. दात काढताना बधिर करायला वापरतात तेच. १,५८३ बायकांत, पाच वर्षांनी टोचलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न टोचलेल्यांपैकी ८६.४ टक्के. पेशीच्या हालचालीला लागणारे विजेचे बारीक मार्ग लिग्नोकेन बंद करतं, त्यामुळे हा गुण येत असावा असं त्या डॉक्टरांना वाटतं. हा मॅक्रोफेजचा प्रयोग नाही, पण विचार तोच: पेशीला चालू देऊ नका. खर्च किरकोळ.

आणि थोडं आपल्या हातात आहे. टाटा मेमोरियलनेच १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या १ लाख ५१ हजारांवर बायकांवर अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासायच्या. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. तिथल्या गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. गाठ लहान असताना दारंही थोडी आणि प्रवासाला निघालेल्या पेशीही थोड्या.

न दुखणारी गाठ, आत ओढलं गेलेलं बोंड, बोंडातून रक्तासारखं पाणी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, काखेत लागणारी गोटी. यांतलं काही दिसलं तर गणपती झाल्यावर, आंबा उतरल्यावर, पोराचं लग्न झाल्यावर असं करू नका. काकीने गाठ शिमग्याला पाहिली होती. डॉक्टरांना दाखवली आषाढात. मध्ये चार महिने. का विचारलं तर म्हणाली, काजूचा हंगाम होता आणि दुखत तर नव्हतं.

परवा तिची चौथी केमो झाली. डोक्याला टॉवेल बांधून ओटीवर बसली होती. मी तिला कुकाऱ्याची गोष्ट सांगितली, उघाडीची सांगितली. उघाडीवर तिने मलाच दुरुस्त केलं: दाराची फळी कुजली तर राखणाऱ्याला बोल लावून काय उपयोग. मग रिपोर्टाची घडी उलगडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘माझ्या गाठीत ह्ये चाळीस टक्के चांगले आसत, मां? आणि ते दार उघडणारे किती, ता खय लिवला हा?’

ते लिहिलेलं नव्हतं. तो आकडा आपल्याकडच्या नेहमीच्या रिपोर्टात अजून येत नाही. मी तसं सांगितलं. ‘इचार डॉक्टराक पुढच्या वेळेक,’ म्हणाली, आणि कागद चश्म्याच्या घरात कोंबला.